उड्डाणाआधीचा एक किलोमीटर

तुळजापूरहून निघालं की तासाभरात सोलापूरचा होटगी रस्ता गाठता येतो. 9 जून 2025 रोजी तिथल्या विमानतळावरून गोव्याची नियमित विमानसेवा सुरू झाली. त्याच्या दोन वर्षं आधी, 15 जून 2023 रोजी, सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली आणि विमानाच्या वाटेतला अडथळा म्हणजे काय, याची चर्चा सोलापूर-धाराशिवच्या पारापारावर झाली. विमान या भागाला आता लांबचं राहिलेलं नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेली मुलं-मुली पायलट होण्याची चौकशी करतात. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, नागपूर अशी नावं घरात घेतली जातात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

या मुलांच्या प्रश्नांत टेकऑफ असतो, लँडिंग असतं, वादळ असतं, इंजिन बंद पडलं तर काय हे हमखास असतं. पण विमान पार्किंगमधून धावपट्टीपर्यंत चाकांवर चालवत न्यावं लागतं आणि उतरल्यावर तसंच परत आणावं लागतं, त्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. याला टॅक्सी करणं म्हणतात. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसांत विद्यार्थ्याच्या हाती विमान सर्वांत आधी येतं ते इथेच, आणि आपलं विमान दुसऱ्या विमानाला, गाडीला, खांबाला किंवा हँगरच्या दाराला लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते तीही इथेच.

मोठ्या कंपन्यांचे अनुभवी वैमानिकही यातून सुटत नाहीत. 27 मार्च 2024 रोजी कोलकात्यात दरभंग्याला निघालेल्या इंडिगोच्या विमानाचा पंख धावपट्टीसाठी थांबलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाला घासला. माणसं सुखरूप राहिली, पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं (डीजीसीए) इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांना उड्डाणापासून दूर केलं. त्याच वर्षी 16 मे रोजी पुण्यात दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान सामान ओढणाऱ्या टग ट्रॅक्टरवर आदळलं. आत 180च्या आसपास प्रवासी होते. लहान विमानांच्या अशा टकरी मात्र बातमीत फारशा येत नाहीत. त्याचं एक कारण नियमातच आहे. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार नुकसान फक्त पंखाच्या टोकापुरतं किंवा प्रॉपेलरपुरतं असेल आणि कुणी जखमी नसेल, तर तो ‘अपघात’ धरला जात नाही, ‘घटना’ धरली जाते. फ्लाइंग स्कूलच्या आवारात त्याची चर्चा होते, विमान काही आठवडे हँगरमध्ये पडून राहतं आणि पुढची बॅच त्याच जागी तीच चूक करायला मोकळी होते.

तर आधी पंख. सेस्ना 172 हे जगभर शिकवण्यासाठी वापरलं जाणारं चार आसनी विमान. त्याच्या पंखांची एकूण लांबी सुमारे 11 मीटर. विद्यार्थी डावीकडे बसतो, म्हणजे उजव्या पंखाचं टोक त्याच्यापासून साडेपाच मीटरहून लांब असतं. मोटारसायकल किंवा कार चालवून आलेल्या माणसाच्या मेंदूला एवढ्या रुंदीची सवय नसते. तो नाकाकडे बघतो, नाक जमिनीवर आखलेल्या पिवळ्या रेषेवर आहे म्हणून निश्चिंत होतो आणि पंख शेजारच्या विमानाच्या शेपटीत जातो. पिवळी रेषा आखताना दोन्ही बाजूंना जागा सोडलेली असते हे खरं. पण ती हमी प्रत्येक जण आपापल्या खुणेवर उभा असेल तरच टिकते. शेजारचं विमान कुणी दोन मीटर पुढे लावलं, इंधनाची गाडी रेषेबाहेर थांबली, की रेषेवर असूनही धडक बसते.

पंख वर असलेलं विमान आणि पंख खाली असलेलं विमान यांच्या अडचणीही वेगळ्या. सेस्नाचा पंख डोक्यावर असतो. तो कारच्या बॉनेटवरून निघून जाईल, पण व्हॅनच्या टपाला आणि हँगरच्या दाराला लागेल. पायपर किंवा डायमंड कंपनीच्या शिकाऊ विमानाचा पंख खाली असतो. तो शिडी, अग्निशामक नळकांडं, कुंपणाचा खांब अशा बुटक्या वस्तूंना गाठतो. ज्या विमानावर शिकणार त्याच्या पंखाच्या टोकाखाली पहिल्याच दिवशी जाऊन उभे राहा. ते टोक तुमच्या कमरेला येतं, खांद्याला येतं की डोक्यावरून जातं, हे अंगात मुरू द्या. शेपूटही विसरू नका. विमान मागच्या मुख्य चाकांभोवती वळतं, त्यामुळे नाक डावीकडे गेलं की शेपूट उजवीकडे झाडू मारल्यासारखी फिरते. अरुंद जागेतल्या टकरींत पंखाइतकीच शेपूटही गुन्हेगार असते.

जागा कमी वाटली तर काय करायचं? थांबायचं. इंजिन बंद करायचं, खाली उतरून बघायचं, आणि गरज पडली तर दोन माणसांना पंखांच्या टोकांशी चालायला सांगून विमान हातानं ढकलत न्यायचं. आपल्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात मागे घेताना एक माणूस कोपऱ्यावर उभा राहून हात दाखवतोच. त्यात ड्रायव्हरला कमीपणा वाटत नाही. विमानात तो वाटतो, आणि माझ्या मते फ्लाइंग स्कूलमधली सर्वांत घातक सवय हीच आहे. पार्किंगमध्ये इंजिन बंद केलं तर इन्स्ट्रक्टर काय म्हणतील, मागे रांगेत असलेले सीनियर हसतील, आपला स्लॉट जाईल, या भीतीनं विद्यार्थी “जाईल बहुतेक” असं मनाशी म्हणत थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती, वाढवतो. ‘बहुतेक’ हा शब्द मनात आला की तीच थांबण्याची वेळ.

दुसरी गोष्ट वेग. अॅप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या फरशीवर, झपझप चालणाऱ्या माणसाइतकाच वेग ठेवा. मोकळ्या टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवर, थोडा जास्त चालेल, पण वळणाच्या आधी तो उतरलेला हवा. माणसं आणि इंधनानं भरलेलं सेस्ना 172 सुमारे 1,100 किलोचं असतं आणि त्याचे ब्रेक कारच्या मानानं किरकोळ असतात. विमान जागेवरून हललं की पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच ब्रेक दाबून बघायचे. शेजारी इन्स्ट्रक्टर असेल तर त्यांच्या बाजूचेही. वेग कमी करताना आधी थ्रॉटल मागे, मग ब्रेक. एका हातानं थ्रॉटल पुढे ठेवून पायानं ब्रेक दाबत राहणारे विद्यार्थी बरेच असतात. त्यानं ब्रेक तापतात आणि हवे तेव्हा दगा देतात.

ब्रेक खरोखरच गेले तर ही क्रमवारी पाठ असू द्या: थ्रॉटल पूर्ण मागे, विमान मोकळ्या बाजूला वळवा, आणि पुढे अडथळा दिसत असेल तर मिक्स्चर (इंधन तोडणारा दांडा) ओढून इंजिन बंद करा. थांबलेल्या प्रॉपेलरनं बसलेली धडक आणि फिरत्या प्रॉपेलरनं बसलेली धडक यांत माणसाच्या जिवाचा फरक पडतो. फिरता प्रॉपेलर कशालाही लागला, तर पातं सरळ दिसत असलं तरी इंजिन उघडून आतून तपासल्याशिवाय ते विमान उडवायचं नसतं.

तिसरी गोष्ट नजर. चालत्या विमानात चेकलिस्ट वाचायची नाही, टॅब्लेटवर नकाशा लावायचा नाही, फ्रिक्वेन्सी शोधत बसायचं नाही. हे सगळं उभं राहून करा. मान खाली घालून तीन सेकंद गेले तरी चालण्याच्या वेगात चार-पाच मीटर कापले जातात, म्हणजे जवळजवळ एका पंखाची लांबी. सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून टॅक्सी करताना धुळकट काचेवर ऊन पसरतं आणि समोरचं काही दिसत नाही. काच पुसणं ही उड्डाणपूर्व तपासणीतली बाब आहे. ती मेकॅनिकवर सोडू नका.

मराठवाड्यातलं हवामान आणि माती यांचा इथे वेगळा विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वावटळी उठतात. एखादी वावटळ टॅक्सी करणाऱ्या हलक्या विमानाचा पंख उचलू शकते किंवा न बांधलेलं विमान फिरवून शेजारच्यावर घालू शकते. म्हणून वारा समोरून तिरका असेल तर योक, म्हणजे हातातलं सुकाणू, वाऱ्याच्या दिशेला वळवून ठेवायचं. वारा मागून तिरका असेल तर योक वाऱ्यापासून दूर आणि पुढे ढकललेलं. हे टेकऑफपुरतं नसतं, विमान हलल्यापासून थांबेपर्यंत असतं. पावसाळ्यात टॅक्सीवेची कडा सोडू नका. काळ्या मातीत नाकाचं चाक एकदा रुतलं की नाक खाली बसतं, आणि प्रॉपेलरचं टोक जमिनीपासून जेमतेम फूटभर वर असतं.

आता सर्वांत गंभीर भाग, धावपट्टीच्या तोंडाशी. अॅप्रनवर पंख लागला तर नुकसान पैशाचं होतं. न विचारता धावपट्टीवर गेलेलं लहान विमान शंभर माणसं मारू शकतं, आणि हे घडलेलं आहे.

8 ऑक्टोबर 2001, मिलानचा लिनाते विमानतळ, सकाळचं दाट धुकं. चार जणांना घेऊन निघालेल्या लहान सेस्ना सायटेशन जेटला उत्तरेकडच्या टॅक्सीवेनं, रोमिओ फाइव्हनं, यायला सांगितलं होतं. वैमानिकांनी सूचना बरोबर वाचून दाखवली आणि गेले मात्र रोमिओ सिक्सवर, जो थेट धावपट्टी ओलांडतो. वाटेत त्यांनी एका खुणेचं नाव सांगून आपली जागा कळवली, पण ती खूण टॉवरमधल्या नियंत्रकाच्या नकाशात नव्हती. जमिनीवरची विमानं दाखवणारं जुनं रडार काढलेलं होतं आणि नवं सुरू झालेलं नव्हतं. खुणा आणि फलक नियमाप्रमाणे नव्हते. त्या धुक्यात उडण्याची परवानगी मिळण्याइतकी त्या वैमानिकांची पात्रताही नव्हती. त्याच क्षणी एसएएस कंपनीचं एमडी-87 विमान 110 जणांना घेऊन टेकऑफसाठी धावत होतं. टक्कर झाली आणि मोठं विमान सामानाच्या हँगरवर जाऊन आदळलं. दोन्ही विमानांतले सगळे आणि जमिनीवरचे चार कामगार, असे 118 जण गेले.

या घटनेत रडार, खुणा, नियंत्रक, सगळ्यांचा दोष आहे आणि चौकशीतही तो मांडला गेला. पण शिकणाऱ्यानं स्वतःसाठी यातून एक गोष्ट उचलावी. सूचना वाचून दाखवली म्हणजे ती पाळली गेली असं होत नाही. टॅक्सी सुरू करण्याआधी विमानतळाचा आराखडा मांडीवर घ्या, बोटानं मार्ग फिरवा आणि वाटेत कुठे धावपट्टी लागते ते ठरवून ठेवा. चालताना समोरचा फलक आणि मनातला मार्ग जुळत नसेल तर तिथेच थांबून टॉवरला सांगा की मी कुठे आहे याची मला खात्री नाही. नियंत्रक यावर रागावला तरी सोसा.

धावपट्टीआधी जमिनीवर पिवळ्या रेषांचा आडवा पट्टा असतो: तुमच्या बाजूला दोन सलग रेषा, धावपट्टीच्या बाजूला दोन तुटक. शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या आकड्यांत धावपट्टीचा क्रमांक. सलग रेषा समोर असताना स्पष्ट परवानगीशिवाय नाकाचं चाकसुद्धा त्यांवर जाता कामा नये. उतरून बाहेर पडताना उलट: शेपटीसकट पूर्ण विमान त्या रेषांपलीकडे आल्याशिवाय धावपट्टी मोकळी झाली असं म्हणायचं नाही. ‘होल्ड शॉर्ट’, ‘क्रॉस’, ‘लाइन अप’ या सूचना धावपट्टीच्या क्रमांकासह आणि आपल्या कॉल साइनसह (विमानाच्या रेडिओवरच्या नावासह) परत म्हणायच्याच. एकाच स्कूलच्या विमानांच्या कॉल साइन बऱ्याचदा मिळत्याजुळत्या असतात, म्हणून दुसऱ्याची परवानगी आपली समजण्याचा धोका फ्लाइंग स्कूलमध्ये नेहमीपेक्षा जास्त असतो.

2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाच्या डॅश-8 विमानाला “तुमचा क्रमांक पहिला, होल्डिंग पॉइंटपर्यंत या” अशा अर्थाची सूचना मिळाली. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघण्याच्या घाईत कॅप्टननं ती धावपट्टीवर जाण्याची परवानगी समजली आणि विमान धावपट्टीवर जाऊन थांबलं. उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए-350 त्याच्यावर आलं. त्या विमानातले सगळे 379 जण बाहेर पडले. डॅश-8मधल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. परवानगी मिळाली असली तरी धावपट्टीवर पाऊल ठेवण्याआधी डावीकडे, उजवीकडे आणि वर, उतरणाऱ्या विमानांच्या रेषेत, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि धावपट्टीवर उभं ठेवून अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ काही बोलणं झालं नाही, तर स्वतःहून टॉवरला आठवण द्या.

आपल्या राज्यातल्या बऱ्याच लहान धावपट्ट्यांवर पूर्णवेळ नियंत्रक नसतो. तिथे प्रत्येक वैमानिकानं आपली जागा आणि पुढचं पाऊल फ्रिक्वेन्सीवर सांगायचं असतं. पण रेडिओवर शांतता आहे म्हणून धावपट्टी रिकामी आहे असं धरू नका. दुसऱ्याचा रेडिओ बंद असू शकतो, तो चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर असू शकतो. शिवाय कुत्री, शेळ्या आणि सकाळी फिरायला आलेली माणसं रेडिओवर बोलत नाहीत.

इथे धावपट्टीशेजारच्या गावकऱ्यांशीही बोललं पाहिजे. 26 एप्रिल 1993 रोजी तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 धावपट्टी संपल्यावर बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला लागलं, पुढे उच्चदाबाच्या तारांत गेलं आणि कोसळलं. 118 पैकी 55 जणांचा जीव गेला. चौकशीत विमान उशिरा उचलल्याचा दोष वैमानिकांवर आला, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचा दोष विमानतळ प्राधिकरणावर. मराठवाड्याला हा धडा परक्या देशातून घ्यायला नको. धावपट्टीच्या टोकाजवळचा रस्ता, तुटलेलं कुंपण, चरायला सोडलेली जनावरं, पट्टीवर दुचाकी शिकणारी पोरं हे सगळं विमानाच्या मार्गातच येतं. कुंपण तुटलेलं दिसलं तर ग्रामपंचायतीमार्फत लेखी कळवा.

विमानतळावर जमिनीवरच्या कामाला लागणाऱ्या तरुणांना दोन शब्द. विमानाचा लाल फिरता दिवा चालू असेपर्यंत जवळ जायचं नाही. इंजिन चालू आहे किंवा सुरू होणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. फिरता प्रॉपेलर डोळ्यांना दिसत नाही, उन्हात तर मुळीच नाही. एका इंजिनाच्या लहान विमानाकडे जायचंच असेल तर इंजिन थांबल्यावर आणि पंखाच्या मागच्या बाजूनं. गळ्यातला रुमाल, ओढणी, टोपी काढून ठेवा. थांबलेल्या प्रॉपेलरलाही हात लावू नका. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) चालू राहिलं असेल तर एका झटक्यात इंजिन पेटू शकतं. चाकांना चॉक (अडवणारे ठोकळे) लावल्याशिवाय पार्किंग ब्रेकवर विश्वास ठेवायचा नाही. तुळजापुरात देवीच्या दर्शनाला कुणी मोठा पाहुणा हेलिकॉप्टरनं आला की बघायला गर्दी होते. तिथे नियम उलटा आहे: हेलिकॉप्टरच्या मागे कधीही जायचं नाही, कारण शेपटीचा पंखा माणसाच्या उंचीवर फिरतो. पोलिसांनी आखलेल्या दोरीबाहेर राहा आणि लहान मुलांचा हात सोडू नका.

प्रवाशांसाठी फार सांगण्यासारखं नाही. सोलापूर-गोवा सेवेतल्या एटीआर-72 विमानामध्ये मागच्या दारानं चढतात, त्यामुळे पुढच्या प्रॉपेलरकडे जाण्याचं कारणच नसतं. हे प्रॉपेलर सहा पात्यांचे आणि जवळपास चार मीटर व्यासाचे. कर्मचारी दाखवतील त्याच वाटेनं चाला, आणि सेल्फीसाठी पंखाखाली वळू नका. उजवं इंजिन कधी कधी प्रॉपेलर रोखून चालू ठेवलेलं असतं, त्यामुळे पंखा थांबला म्हणजे सगळं बंद असं नसतं.

पुन्हा विद्यार्थ्यांकडे. इतकं करूनही पंख कुठे लागलाच, तर लगेच थांबा, इंजिन बंद करा, कळवा. ओरखडा किरकोळ दिसला म्हणून सोलो उड्डाण उरकून घेण्याचा मोह होतो, आणि सगळ्यांत वाईट निर्णय तोच. डायमंड डीए-40सारखं विमान कॉम्पोझिट थरांचं असतं. वरचा रंग शाबूत दिसला तरी आतले थर सुटलेले असू शकतात. पत्र्याच्या पंखात आतला आधार वाकलेला बाहेरून दिसत नाही. तुम्ही लपवलेला ओरखडा दुसऱ्या दिवशी दुसरा विद्यार्थी हवेत घेऊन जातो.

आईवडिलांसाठी अखेरची सूचना. व्यावसायिक परवान्यासाठी किमान 200 तासांचं उड्डाण लागतं आणि त्यासाठी बरीच कुटुंबं कर्ज काढतात किंवा जमीन विकतात. फी भरण्याआधी त्या संस्थेच्या अॅप्रनवर परवानगी घेऊन तासभर उभे राहा. विमानं किती वेगानं फिरतात, उभी विमानं बांधलेली आहेत का, चॉक लावलेत का, पिवळ्या रेषा दिसण्याइतक्या ताज्या आहेत का, वळणावर कुणी पंखाशी चालतं का, आणि एखादा विद्यार्थी मध्येच थांबला तर इन्स्ट्रक्टर त्याच्यावर ओरडतो की उतरून मदत करतो, हे बघा. ही पाहणी जी संस्था करू देत नाही, तिथे मुलाला घालू नका.